कच्चं केळं, जेष्ठमध, कांदा आणि पोटातला अल्सर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पेनकिलर आणि पोटाच्या अल्सरवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले आणि त्यातल्या कितीतरी पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा होता, फ्लेवोनॉइड, म्हणजे झाडांत सापडणारी एक प्रकारची रसायनं. कुणी तो कॅप्सूलच्या डबीवर वाचलाय, कुणाला व्हॉट्सॲपवर आलाय, कुणाच्या मुलीने बी.फार्मच्या प्रोजेक्टला घेतलाय. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच निवडलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं दिलंय. मी औषधशास्त्र शिकवते, पेशंट तपासत नाही, त्यामुळे तुमच्या रिपोर्टवरचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, पण ही झाडातली रसायनं पोटात नेमकं काय करतात हा माझा आवडीचा विषय आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोलायला मला आवडेल.

प्रश्न (ठाणे) : गुडघ्यासाठी बरेच महिने डायक्लोफिनॅक घेत होतो. पोटात आग व्हायला लागली म्हणून दुर्बीण टाकली तर जठरात अल्सर निघाला. डॉक्टरांनी पेनकिलर बंद करून आठ आठवडे पॅन्टोप्राझोल दिलंय. मुलाने ऑनलाइन क्वरसेटिनच्या कॅप्सूल मागवल्यात, म्हणतो हे झाडापासूनचं आहे, अल्सर भरतो, मग ती केमिकलची गोळी कशाला. वय 61. गोळी बंद करून कॅप्सूल सुरू करू का?

उत्तर : काका, गोळी बंद करू नका. आधी हे सांगून टाकते आणि मग का ते सांगते, कारण तुमच्या मुलाने वाचलंय ते अगदीच हवेतलं नाहीये, त्यामागे खरं संशोधन आहे, फक्त ते तुमच्या परिस्थितीला जसंच्या तसं लागू होत नाही.

आपल्या जठरात जो आम्लरस असतो त्याचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र, 7 म्हणजे आम्ल नाहीच) 1 ते 2 च्या आसपास, म्हणजे मांस विरघळेल इतका जहाल, आणि तरी जठर स्वतःला पचवत नाही कारण आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट झिरपत असतं, त्यामुळे पेशींच्या अगदी लगत पीएच जवळजवळ 7 राहतो. शिवाय वरच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या येतात आणि खालून रक्तपुरवठा भरपूर असतो. हे सगळं चालू ठेवायचा निरोप देणारं रसायन म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन. ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या दुखणं कमी करतात ते प्रोस्टाग्लॅंडिन बनणं थांबवून, हे इंग्लंडच्या जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि त्यांना 1982 चं नोबेल मिळालं. म्हणजे गुडघ्यात जे कमी व्हायला हवं तेच जठरातही कमी होतं, श्लेष्मा पातळ होतो, बायकार्बोनेट घटतं, रक्तपुरवठा मंदावतो आणि मग तोच रोजचा आम्लरस अस्तराला खायला लागतो. बरेच जण सांगतात की मी गोळी जेवणानंतरच घ्यायचो तरी अल्सर कसा झाला, तर त्याचं कारण हेच, गोळी रक्तातून जाऊन काम करते, इंजेक्शनने घेतली तरी पोटाला त्रास होऊ शकतो.

आता फ्लेवोनॉइड. झाडं ही रसायनं स्वतःसाठी बनवतात, उन्हापासून बचाव, किडीपासून बचाव, फुलांचा रंग वगैरे. 15 कार्बनचा एक ठराविक सांगाडा असतो आणि त्यावर वेगवेगळे गट लागून हजारो प्रकार होतात. कांद्यातलं, शेवग्याच्या पाल्यातलं क्वरसेटिन, चहातली कॅटेचिन, संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन, पपनसातलं नॅरिंजिन, जांभळाचा जांभळा रंग, सोयाबीनमधलं जेनिस्टिन, सगळी याच घराण्यातली. 1936 मध्ये हंगेरीत सेंट-ग्योर्गी यांनी यातल्या काहींना चक्क व्हिटॅमिन पी म्हटलं होतं, पुढे ते व्हिटॅमिन नाही हे कळल्यावर ते नाव मागे पडलं.

अल्सरशी यांचा संबंध कसा आला तेही ऐका. 1979 मध्ये अमेरिकेत आंद्रे रॉबर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांना आधी थोडं प्रोस्टाग्लॅंडिन दिलं आणि मग शुद्ध अल्कोहोल, तीव्र ॲसिड, उकळतं पाणी असं पोटात घातलं, एरवी अस्तर जळून जायला हवं होतं पण ते टिकलं, आणि विशेष म्हणजे दिलेला डोस इतका कमी होता की ॲसिड कमी झालेलंच नव्हतं. म्हणजे ॲसिड न घटवता अस्तर मजबूत करता येतं हे कळलं आणि मग जगभर लोक झाडांमध्ये असं काही सापडतंय का ते शोधायला लागले. क्वरसेटिन, रुटिन, केम्फेरॉल, नॅरिंजिनिन अशी कितीतरी फ्लेवोनॉइड्स उंदरांत खरोखर काम करतात, श्लेष्मा वाढतो, प्रोस्टाग्लॅंडिन टिकतं, जखमेच्या जागी तयार होणारे घातक ऑक्सिजनचे रेणू शोषले जातात, सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी येतात. मला हे सगळं आजही फार सुंदर वाटतं.

पण यातली मेख बघा. बहुतेक प्रयोगांत फ्लेवोनॉइड आधी देतात आणि इजा नंतर करतात, अर्ध्या-एक तासाने अल्कोहोल किंवा इंडोमेथासिन (हीही एक पेनकिलरच) देऊन अस्तर किती वाचलं ते मोजतात. तुमच्याकडे इजा आधीच झालीय. इजा टाळणं आणि झालेली खोल जखम भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामात ॲसिड कमी करणाऱ्या गोळीइतकी भक्कम माणसांवरची परीक्षा क्वरसेटिनने दिलेली नाही. पॅन्टोप्राझोल आम्ल सोडणारा पंपच बंद करतं, मग शरीर स्वतःच जखम भरतं, जठराच्या अल्सरला साधारण आठ आठवडे देतात ते त्यासाठीच.

डोसचंही बघा. उंदराला किलोमागे 100 मिलिग्रॅम क्वरसेटिन देऊन परिणाम दिसला समजा, तर माणसासाठी तो आकडा साधारण सहाने भागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला एक ग्रॅमच्या जवळपास. कांद्यात 100 ग्रॅममागे ढोबळमानाने 20 ते 40 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला अडीच ते पाच किलो कांदा. कॅप्सूलमध्ये ते बसतं हे खरं, पण मग ते जेवणातलं राहत नाही, ते औषध झालं, आणि औषध म्हटलं की बाकीच्या गोळ्यांशी त्याचं जमतं का हे बघावं लागतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डबी डॉक्टरांना दाखवा, लपवून घेऊ नका. पॅन्टोप्राझोल सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी उपाशीपोटी घ्या, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करायला सांगितली असेल तर बरं वाटतंय म्हणून टाळू नका, जठराचा अल्सर पूर्ण भरलाय आणि त्यात दुसरं काही नाही हे बघणं गरजेचं असतं. गुडघ्याचं दुखणं तर राहणारच, त्यासाठी कोणती गोळी चालेल ते अस्थिरोग डॉक्टरांना अल्सरचा रिपोर्ट दाखवून विचारा. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून परत तीच आणू नका.

प्रश्न (वसई) : आमची आजी पोटदुखीवाल्यांना कच्च्या राजेळी केळ्याची पूड ताकातून द्यायची. आता सगळे म्हणतात त्यात काही अर्थ नाही. खरंच नाही का? आणि सुकेळी खाल्ली तर तोच फायदा होईल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला कारण या सगळ्या विषयात मला सर्वात भरीव वाटणारी गोष्ट कच्च्या केळ्याचीच आहे आणि तिचा धागा आपल्याच देशातून निघालाय.

आपल्याकडच्या औषधशास्त्राच्या लोकांनी 1960 च्या दशकातच केळ्याच्या पुडीवर काम सुरू केलं होतं, जठरातला स्राव, अल्सर यावर काय होतं ते प्राण्यांमध्ये बघत होते. पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या गटाने 1984 मध्ये उंदरांना ॲस्पिरिन देऊन अल्सर आणले आणि कच्च्या केळ्याची वाळवलेली पूड दिली, तर अल्सर होणं कमी झालंच पण झालेले अल्सर भरायलाही मदत झाली, आणि त्यांचं निरीक्षण असं होतं की पूड ॲसिड मारत नाही तर अस्तराच्या पेशींची वाढ जोमाने होते. वरच्या काकांना मी आधी आणि नंतर असा जो फरक सांगितला तो इथे थोडा पुसला जातो, म्हणून मला हे काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग प्रश्न आला की पुडीत नेमकं काय आहे. 1999 मध्ये त्यातलं कामाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि ते निघालं ल्युकोसायनिडिन नावाचं फ्लेवोनॉइड. संशोधकांनी आणखी एक केलं, तेच ल्युकोसायनिडिन प्रयोगशाळेत बनवून उंदरांना दिलं आणि तेही ॲस्पिरिनच्या इजेपासून वाचवायला उपयोगी पडलं. म्हणजे झाडातून आलं काय नि काचेच्या चंबूतून आलं काय, रेणू तोच असेल तर पोटाला फरक पडत नाही. नैसर्गिक विरुद्ध केमिकल असं भांडण घरोघरी चालतं त्यांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

आता तुमच्या राजेळीचं. हे प्रयोग ज्या केळ्यांवर झाले ती भाजीची केळी, ज्यांना इंग्रजीत प्लॅन्टेन म्हणतात, आणि आपलं राजेळी हे त्याच जातकुळीतलं, केरळात ज्याला नेंद्रन म्हणतात तेच. जेवणानंतर खायची जी नेहमीची गोड केळी त्यांच्यात हा परिणाम तसा मिळाला नाही, आणि राजेळी प्रकारातही केळं कच्चं असेल तरच. पिकलं की गेलं. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, सुकेळी पिकलेल्या राजेळीची उन्हात वाळवलेली असतात, खायला अप्रतिम, पण त्यांच्याकडून या कामाची अपेक्षा धरू नका. आजीने कच्चंच का निवडलं असेल याचा मी विचार करत बसते, पिढ्यान्‌पिढ्या बघून बघूनच कळलं असणार.

पण माणसांवर काय? थोड्या लहान चाचण्या झाल्यात, अपचनाच्या रुग्णांवर वगैरे, पण मोठी, नीट आखलेली, अल्सर दुर्बिणीतून मोजणारी चाचणी म्हणावी तशी नाही. त्यामुळे मी असं म्हणेन की पोट नाजूक आहे, वरचेवर जळजळतं, तपासणीत काही गंभीर नाही, अशा माणसाने कच्च्या केळ्याची पूड चमचाभर ताकातून घ्यायला काही हरकत नाही. साल काढून पातळ काप करून सावलीत कडक वाळवायचे आणि दळायचे, ओलसर राहिले तर बुरशी धरते तेवढं सांभाळा. ज्यांना मलावरोध आहे त्यांनी कमी घ्या, कच्च्या केळ्यातला स्टार्च सहज पचत नाही. भाजी करून खाल्ली तरी चांगलीच, फक्त प्रयोग वाळवलेल्या कच्च्या पुडीवर झालेत, शिजवलेल्या भाजीवर नाहीत. आणि बाजारातले केळ्याचे वेफर्स तळलेले असतात, ते यात धरू नका.

प्रश्न (सातारा) : ॲसिडिटीसाठी रोज दोन वेळा जेष्ठमधाची पावडर मधातून घेते. पोटाला खूप बरं वाटतं. पण गेल्या काही दिवसांत पाय सुजतात आणि बीपी वाढलंय, गोळी दुप्पट करावी लागली. दोन्हीचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि दाट शक्यता आहे. हे वाचलंत की जेष्ठमध थांबवा आणि या आठवड्यातच बीपीच्या डॉक्टरांना सांगा की मी हे घेत होते. रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा.

होतं असं की जेष्ठमधात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ग्लिसरायझिन, ज्यामुळे ते गोड लागतं, हे फ्लेवोनॉइड नाही. दुसरी लिक्विरिटिन, ग्लॅब्रिडिन अशी फ्लेवोनॉइड्स. 1946 मध्ये हॉलंडमधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं की जेष्ठमधाचा अर्क घेऊन अल्सरच्या रुग्णांना आराम पडतोय, पण त्याच रुग्णांतल्या काहींच्या अंगावर सूज येत होती, म्हणजे तुमचंच चित्र. पुढे 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्लिसरायझिनपासूनच कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध बनवलं, जठराच्या अल्सरवर ते खरंच चालायचं, पण तीच सूज, तेच बीपी, पोटॅशियम खाली, आणि नंतर चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन तिथे मीठ धरून ठेवायचं काम करायला लागतं, मीठ राहिलं की पाणी राहतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून मी घाई करतेय.

ग्लिसरायझिन काढून टाकलेलं जेष्ठमध मिळतं, डबीवर डीजीएल असं लिहिलेलं असतं, आणि बंगळुरूच्या एका कंपनीने फ्लेवोनॉइड भरपूर ठेवलेला अर्क बनवून अपचनाच्या आणि एच. पायलोरीच्या (अल्सर आणणारा जंतू, पुढच्या प्रश्नात येतोय) भारतीय रुग्णांवर खोट्या गोळीशी तुलना करून तपासलाय, निकाल अर्काच्या बाजूने आले, पण रुग्णांची संख्या लहान होती. मला या दिशेने आशा आहे. तुम्ही मात्र सध्या तेही नको, आधी बीपी आणि पोटॅशियम जागेवर येऊ दे. घशासाठी कधीतरी एखादी काडी चघळणं वेगळं आणि महिनोन्‌महिने रोज चमचे भरून घेणं वेगळं.

प्रश्न (नागपूर) : एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलाय. 14 दिवस अँटिबायोटिक सांगितलंय, दिवसाला मूठभर गोळ्या. ग्रीन टी आणि क्रॅनबेरी ज्यूसने हा जंतू मरतो असं वाचलं.

उत्तर : मरत नाही. क्रॅनबेरीतली काही द्रव्यं या जंतूला अस्तराला चिकटू देत नाहीत आणि चहातली कॅटेचिन काचेच्या बशीत त्याची वाढ रोखतात, हे खरं, पण जंतू श्लेष्माच्या आत खोल लपलेला असतो, तिथे पुरेशा प्रमाणात ही द्रव्यं पोचत नाहीत. या जंतूमुळे अल्सर होतो हे ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शल यांनी 1984 मध्ये स्वतःच जंतूंचं पाणी प्यायलं आणि जठराला सूज आणून घेतली, 2005 ला दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी लोक वर्षानुवर्षं दूध पीत, पथ्य करत, शेवटी ऑपरेशन करून घेत. आता दोन आठवड्यांत सुटका होते. तर 14 दिवस पूर्ण करा, मधेच सोडलंत तर जंतू गोळ्यांना दाद देईनासा होतो आणि आपल्याकडे तो प्रश्न आधीच मोठा आहे. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करून जंतू गेला का ते बघा, टेस्टच्या आधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद लागते, ते डॉक्टरांना विचारून. ग्रीन टी सोबत प्यायचा तर प्या, उपाशीपोटी नको.

प्रश्न (मडगाव) : कोकम, हळद, आवळा, सगळ्यात फ्लेवोनॉइड असतं ना? आमच्याकडे सोलकढी रोज असते.

उत्तर : कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, ते फ्लेवोनॉइडच. पण कोकमातलं अल्सरवर ज्याचा प्राण्यांमध्ये अभ्यास झाला ते गार्सिनॉल, ते वेगळ्या घराण्यातलं. हळदीतलं कुर्क्युमिनही फ्लेवोनॉइड नाही, आवळ्यात मुख्यत्वे टॅनिन. फ्लेवोनॉइड नाही म्हणून ती कमी प्रतीची असं अजिबात नाही, फक्त एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो ते लक्षात ठेवा. सोलकढी सोसत असेल तर खुशाल प्या. अल्सर ताजा असताना आंबट आणि तिखट मिरचीने आग होत असेल तर तेवढे दिवस पातळ करा किंवा थांबवा, ज्याचं त्याचं पोट सांगतं.

प्रश्न (कोल्हापूर, बी.फार्म विद्यार्थिनी) : मॅडम, इतके पेपर आहेत, प्रत्येक झाडात अँटी-अल्सर ॲक्टिव्हिटी सापडते, मग फ्लेवोनॉइडचं एकही औषध बाजारात का नाही?

उत्तर : आहेत ना, आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत इतकंच. जपानमध्ये 1980 च्या दशकापासून सोफाल्कोन वापरतात. सोफोरा नावाच्या झुडपाच्या मुळात, जे चिनी वैद्यकात वापरतात, सोफोराडिन नावाचा चाल्कोन सापडला, चाल्कोन म्हणजे फ्लेवोनॉइडची न मिटलेली साखळी असं समज, आणि त्यात बदल करून सोफाल्कोन बनवलं. ते प्रोस्टाग्लॅंडिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन जास्त वेळ टिकतं. आंद्रे रॉबर्टचा प्रयोग आठवतो ना वर सांगितलेला, त्याचंच हे पुढचं टोक.

दुसरं कोरियातलं. तिथे आर्टेमिसिया एशियाटिका या झाडाच्या अर्काचं स्टिलेन नावाचं औषध जठराच्या सुजेवर डॉक्टर लिहून देतात, त्यातला मुख्य घटक युपाटिलिन, हे फ्लेवोन, म्हणजे फ्लेवोनॉइडचाच एक प्रकार. आपण देवाला वाहतो तो दवणा याच आर्टेमिसिया वंशातला, पण म्हणून दवण्याचा काढा करून कुणाला देऊ नकोस, वंश एक असला तरी आतली रसायनं वेगळी असतात. कोरियातलं मला आवडतं ते यासाठी की त्यांनी घरगुती वापरातल्या झाडापासून सुरुवात केली, घटक ओळखला, अर्क दर वेळी सारखाच बनेल असं बघितलं, आणि रुग्णांवर दुर्बिणीने तपासून मगच औषध म्हणून आणलं. आपल्याकडे पहिली पायरी शंभर वेळा चढली जाते, पुढच्या कुणी चढत नाही. उंदरांत मुद्दाम अल्सर आणायच्या त्याच त्या पद्धती, इथेनॉल मॉडेल, इंडोमेथासिन मॉडेल, पायलोरस (जठराचं खालचं तोंड) बांधायचं मॉडेल, अर्क 200 आणि 400 मिलिग्रॅम, पेपर छापला, संपलं. अर्कात काय होतं, किती होतं, पुढच्या वर्षीच्या पानांत तेवढंच असेल का, काही नाही. इतकी मेहनती मुलं आणि इतके उंदीर यात खर्ची पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि एक सावध करणारी गोष्टही वाच. सायनिडॅनॉल, म्हणजे कॅटेचिनच, युरोपात यकृताच्या आजारांवर औषध म्हणून होतं, पोटातलं हिस्टामिन, जे ॲसिड सुटायला लावतं, ते कमी करेल म्हणून अल्सरच्या दृष्टीनेही त्याच्याकडे बघत होते. काही रुग्णांत त्याने तांबड्या पेशी फुटायला लागल्या आणि 1985 मध्ये ते बाजारातून काढलं. चहात असतं तेच द्रव्य, पण गोळीतून ग्रॅमच्या हिशोबाने.

अडचणी आणखी आहेत. फ्लेवोनॉइड रक्तात फार कमी जातात, आतड्यातले जंतू त्यांचे तुकडे करतात. जठरासाठी हे तितकं वाईट नाही कारण तिथे थेट स्पर्शाने काम होऊ शकतं, पण जठर रिकामं झालं की औषध पुढे सरकतं. आणि व्यवहार असा की ओमेप्राझोल 1988 मध्ये आल्यापासून ॲसिड इतकं छान आटोक्यात येतं की अस्तर मजबूत करणाऱ्या औषधावर पैसा घालायला कंपन्या कचरतात. पण जागा आहे. ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन आयुष्यभर घ्यायचीय, ज्यांना संधिवातामुळे पेनकिलर सोडता येत नाही, त्यांना इजा व्हायच्या आधीच संरक्षण देता येतं, म्हणजे प्रयोगातली आधीची वेळ इथे खरोखर मिळते. शिवाय ॲसिडच्या गोळ्या जठर आणि त्याच्या लगतचं आतडं सांभाळतात, पुढच्या लहान आतड्याला पेनकिलरची होणारी इजा त्यांनी थांबत नाही. प्रोजेक्ट करायचाच असेल तर पुन्हा एक नवीन झाड घेऊ नकोस. राजेळी घे, ल्युकोसायनिडिन मोज, कच्चं ते पिकलेलं यात ते कोणत्या दिवशी किती घसरतं तेवढं जरी नीट काढलंस तरी पुढच्या माणसाला उपयोग होईल.

प्रश्न (लातूर) : आईला संधिवात आहे, पेनकिलर चालू असते. दोन दिवसांपासून शौचाला काळं, डांबरासारखं चिकट होतंय, चक्कर येते, पण पोटात अजिबात दुखत नाही. शेवग्याच्या पाल्याचं सूप आणि ग्रीन टी सुरू केलाय. अजून काय देता येईल?

उत्तर : या मेलला मी आलेल्या दिवशीच उत्तर दिलं, इथे छापतेय ते इतरांच्या घरी असं होत असेल म्हणून. काहीही देऊ नका, आईला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या, जिथे दुर्बीण आणि रक्त चढवायची सोय आहे अशा ठिकाणी. डांबरासारखं काळं आणि घाण वासाचं शौच म्हणजे वरच्या पोटातून रक्त जातंय असं धरून चालायचं, दुखत नाही याचा अर्थ काही नाही असा नाही, पेनकिलरमुळे झालेला अल्सर म्हाताऱ्या माणसांत कितीतरी वेळा न दुखताच रक्त सोडतो. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण चक्कर आहे आणि पेनकिलर चालू आहे तेव्हा तो अंदाज घरी बसून लावायचा नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, छातीत धडधडलं, घाम फुटला तर ॲम्ब्युलन्स बोलवा. सांधेदुखीची गोळी आत्ता देऊ नका, हृदयाची ॲस्पिरिन चालू असेल तर ती बंद करायची की नाही हे मात्र तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून सोबत न्या.

घरी आल्यावर हिमोग्लोबिन भरून काढायला लोहाची गोळी देतील, तेव्हा ग्रीन टी असो की साधा चहा, जेवणाला आणि गोळीला लागून देऊ नका, तासभर तरी अंतर ठेवा, चहातली हीच द्रव्यं लोह धरून ठेवतात आणि अंगी लागू देत नाहीत. शेवग्याचं सूप तेव्हा द्या, डॉक्टरांनी जेवायला परवानगी दिल्यावर.